पेटी, यंत्र आणि चिठ्ठी



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी दरवर्षीची अट यंदाही घातली, "काहीही लिहा, फक्त राजकारण नको." अट रास्त आहे. परक्या देशात आपण मोजकी मराठी कुटुंबे. गणपतीच्या आरतीला खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि प्रसाद घेताना तोंड फिरवायचे, हे आपल्याला परवडणार नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले आणि त्याच आठवड्यात इथे इल्फर्डमध्ये एका घरी जेवायला जमलेल्या आपल्याच मंडळींत ईव्हीएमवरून असा वाद पेटला, की पुरणपोळ्या ताटात गार झाल्या. त्यातले दोन जुने मित्र पुढे कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एक म्हणत होता, "यंत्रात सगळं फिक्स आहे." दुसरा म्हणत होता, "हरलं की यंत्र वाईट, जिंकलं की लोकशाही!" गंमत अशी, की दोघांकडेही माहिती फार थोडी होती.

म्हणून मी राजकारणावर लिहीत नाही, मोजणीवर लिहितो. मत कोणाला द्यावे हे राजकारण. दिलेले मत मोजले कसे, हा हिशेब. आयुष्यभर मी हिशेब तपासण्याचेच काम केले आहे, तेव्हा एवढी सवलत संपादक देतील अशी आशा आहे.

सुरुवात पेटीपासून करतो. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. त्यामुळे पेट्या अफाट लागल्या. त्यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. आज ज्यांना विक्रोळी म्हटले की गोदरेजची कपाटे आठवतात, त्यांना हे सांगायला मला आवडते. मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि मग सर्वांसाठी एकच पेटी पुरू लागली.

माझे वडील सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. म्हणजे निवडणुकीची ड्यूटी ठरलेली! आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन पेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, शाईची बाटली, लाख, सुतळी हे सगळे मोजून घ्यायचे आणि ट्रकमधून किंवा एसटीने नेमून दिलेल्या गावी मुक्कामाला जायचे. सकाळी पोलिंग एजंटांना रिकामी पेटी उलटी करून दाखवायची, मग सील लावायचे. वडील सांगत, की दिवसभरात सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. गावातल्या दोन्ही पार्ट्यांचे एजंट पेटीत डोकावून बघत, एखादा आत हात घालून चाचपून पाही. कोणी कोणाला "विश्वास नाही का?" असे विचारत नसे. विश्वास नाही म्हणूनच तर पेटी उलटी करायची!

तरीही संशय होताच. १९७१ साली इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले, तेव्हा दक्षिण दिल्लीतून हरलेले जनसंघाचे बलराज मधोक यांनी आरोप केला, की मतपत्रिकांवर आधीच रासायनिक प्रक्रिया केली होती, मतदाराने मारलेला शिक्का आपोआप उडून जातो आणि गाय-वासरावर न मारलेला शिक्का उमटतो. तेव्हाच्या महाराष्ट्रात 'बाई, गाई आणि शाई' हे यमक जोरात चालले होते. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आज हा आरोप ऐकून हसू येते. पण सर्वोच्च न्यायालयाने तो हसण्यावारी नेला नाही. काही मतपत्रिका नमुना म्हणून उघडून तपासायला परवानगी दिली. जादूची शाई काही सापडली नाही आणि हळूहळू विषय विझला. ईव्हीएम जन्माला येण्याच्या दहा वर्षे आधी, साध्या कागदावर, नेमका आजच्यासारखाच वाद झाला होता. तेव्हा 'यंत्र आल्यापासून संशय आला' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता यंत्राकडे वळतो. ईव्हीएम पहिल्यांदा वापरले गेले ते केरळात, मे १९८२ मध्ये, परूर मतदारसंघातल्या ५० मतदान केंद्रांवर. कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै यांनी निवडणुकीच्या आधी यंत्राविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. ते जमले नाही, निवडणूक झाली आणि पिल्लैच १२३ मतांनी निवडून आले! मग ते गप्प झाले आणि हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला, की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, त्या ५० केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान घ्या. ते घेतले आणि जोस जिंकले. पहिल्याच प्रयोगात पुढच्या चाळीस वर्षांचे नाटक पूर्ण रंगून गेले, पात्रांची अदलाबदल तेवढी होत राहिली. २००९ च्या लोकसभेनंतर यंत्रावर सगळ्यात मोठा आवाज भाजपच्या बाजूने उठला होता. आज तोच आवाज विरोधी बाकांवरून येतो.

कायद्यात दुरुस्ती १९८८ साली झाली. यंत्र बनवले बंगळूरच्या बीईएलने आणि हैदराबादच्या ईसीआयएलने, पण त्याचे बाह्य रूप, म्हणजे बटण कुठे, दिवा कुठे, निरक्षर माणसाला ते कसे कळावे, हे ठरवण्यात पवईच्या आयआयटीमधल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा हात होता. १९९९ साली गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रावर झाली आणि २००४ ची लोकसभा सर्वच्या सर्व ५४३ मतदारसंघांत. यंत्राच्या बाजूने बोलायचे तर एक गोष्ट निखालस खरी आहे. केंद्र बळकावून तासाभरात शेकडो मतपत्रिकांवर शिक्के मारायचा जो धंदा देशाच्या काही भागांत चाले, त्याला यंत्राने वेसण घातली, कारण ते मिनिटाला चार-पाचपेक्षा जास्त मते घेतच नाही. बाद मतांचा ढीगही संपला. वडील निवृत्त झाल्यावर म्हणायचे, "यंत्रानं आमची रात्रीची झोप परत दिली."

पण यंत्राने एक गोष्ट काढूनही घेतली. पेटी उलटी करून दाखवता येत होती, यंत्र तसे दाखवता येत नाही. सकाळी एजंटांसमोर मॉक पोल घेतात, निदान पन्नास मते टाकून ती जुळवून दाखवतात, हे खरे. तरी आत काय चालले आहे, हे शेवटी कोणीतरी सांगितले म्हणूनच मानायचे.

२०१० साली या मुद्द्यावर मुंबई एकदम जगाच्या नकाशावर आली. हैदराबादचे हरिप्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हाल्डरमन आणि हॉलंडचे रॉप खोंग्रेप यांनी एक खरेखुरे ईव्हीएम मिळवून दाखवले, की आतला डिस्प्ले बदलला तर यंत्र हवा तो आकडा दाखवू शकते. यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातले निघाले. ऑगस्टमध्ये हरिप्रसादांना चोरीच्या आरोपाखाली अटक करून मुंबईला आणले आणि आठवड्याभराने जामिनावर सोडले. आयोगाचे उत्तर साधे होते. यंत्र हातात पडून ते उघडता आले तरच हे शक्य आहे, आणि आमची यंत्रे सीलबंद पहाऱ्यात असतात. उत्तर चुकीचे नव्हते. पण एक यंत्र पहाऱ्यातून बाहेर गेले होते, हे त्याच उत्तरामागे उभे होते!

या त्रयीतल्या खोंग्रेपचे नाव मुद्दाम घेतले. आपल्या शेजारच्या हॉलंडमध्ये त्यांच्याच गटाने २००६ साली तिथल्या नेडॅप यंत्रांचा फोलपणा दाखवला आणि २००८ मध्ये डच सरकार मुकाट्याने कागद आणि लाल पेन्सिलीकडे परतले. आयर्लंडने तीच यंत्रे घेऊन पाच कोटी युरोंहून अधिक रक्कम त्यात घातली आणि शेवटी ती भंगारात काढली. जर्मनीत तर ३ मार्च २००९ रोजी घटना न्यायालयाने असा निकाल दिला, की मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. तिथे कोणी गैरप्रकार केला असे सिद्ध झाले नव्हते. तरीही यंत्रे गेली. मला स्वतःला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तो 'घोटाळा झाला का?' हे विचारतच नाही. तो विचारतो, 'नाही झाला, हे तुमच्या आजीला कळेल का?'

भारताने यावर काढलेला तोडगा म्हणजे व्हीव्हीपॅट. बटण दाबले की काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. सुब्रमण्यम स्वामींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी नागालँडमध्ये नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. महाराष्ट्राला तिची ओळख जरा कडूच झाली. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत, विदर्भाच्या रणरणत्या उन्हात, इतकी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली, की ४९ केंद्रांवर दोन दिवसांनी फेरमतदान घ्यावे लागले. यंत्रांनाही वैशाख वणवा सोसवला नाही म्हणायचे!

म्हणजे पेटी परत आली, कागद परत आला. फक्त तो मोजायचा नाही! निकाल यंत्राच्या आकड्यावरच लागतो. चिठ्ठ्या मोजायच्या त्या २०१९ च्या न्यायालयीन आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या चिठ्ठी टाकून काढलेल्या पाच केंद्रांच्या. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, अशी मागणी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपंकर दत्ता यांच्या पीठाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र एक खिडकी उघडली. निकालानंतर सात दिवसांत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी खर्च भरून मागणी केली, तर पाच टक्के यंत्रांची तपासणी करता येईल. हे 'दुसऱ्या आणि तिसऱ्या' शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

२०२४ च्या जूनमध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात शिंदे गटाचे रवींद्र वायकर ठाकरे गटाच्या अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी पुढे राहिले. गोरेगावच्या मोजणी केंद्रात कोणाच्या तरी नातेवाइकाकडे मोबाईल सापडला आणि 'ओटीपीने ईव्हीएम उघडले' अशी बातमी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आली. ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही. निर्णय अधिकाऱ्यांनी ते स्पष्ट केले आणि वर्तमानपत्राने माफी मागितली. पण तोवर ती बातमी इल्फर्डपर्यंत पोहोचली होती आणि माफी काही पोहोचली नाही. खरे आकडे पाहिले तर चकित व्हायला होते. यंत्रांवरच्या मतांत कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. म्हणजे यंत्रावर कीर्तिकर एका मताने पुढे होते! निकाल फिरला तो टपाली मतांवर, कागदावर. वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. ज्या यंत्राला शिव्या बसल्या, त्याने हरलेल्याला पुढे ठेवले होते. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कीर्तिकरांची याचिका फेटाळली.

त्यानंतर नोव्हेंबरची विधानसभा. लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा जिंकलेली महाविकास आघाडी पाच-सहा महिन्यांत २८८ पैकी ४६ वर आली. महायुतीला २३० मिळाल्या. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम ६६.०५ निघाली. मधल्या काळात मतदार यादीत सुमारे चाळीस लाख नावे वाढली. आयोगाने सांगितले, की पाचचा आकडा कच्चा असतो, सहाला रांगेत असलेल्यांना मतदान करू द्यावेच लागते आणि प्रत्येक केंद्राचा पक्का आकडा १७-सी या नमुन्यावर एजंटांना त्याच दिवशी दिलेला असतो. सहानंतरच्या मतदानावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये फेटाळली. पाच-पाच केंद्रांच्या हिशेबाने १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या, त्यात एकाही मताचा फरक आला नाही, असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. हिशेब तपासनीस म्हणून सांगतो, नमुना सरसकट आणि निःपक्षपाती निवडलेला असेल, तर १,४४० पैकी शून्य चूक हा भक्कम पुरावा आहे. राज्यभर हजारो यंत्रांत फेरफार झाला असता, तर त्यातला थोडा तरी या जाळ्यात सापडायला हवा होता. माझे मत विचाराल तर यंत्रे फिरवून तो निकाल लागला असे मला वाटत नाही. मतदार याद्यांबद्दल मात्र मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. तिथे १,४४० सारखी कुठलीच तपासणी झालेली नाही.

पण हे सगळे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगणे सोपे. पुण्यात महात्मा फुले वाड्यात नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव तीन दिवस उपोषणाला बसले, ते संख्याशास्त्र कळत नव्हते म्हणून नव्हे. आणि मारकडवाडीत तर गोष्ट आणखी पुढे गेली.

माळशिरस तालुका माझे आजोळ. मारकडवाडी त्याच तालुक्यातले गाव, धनगर वस्तीचे, कोरडवाहूचे. माळशिरस मतदारसंघात राष्ट्रवादी (शरद पवार) गटाचे उत्तम जानकर भाजपच्या राम सातपुतेंविरुद्ध १३,१४७ मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते निघाली. जानकरांचे समर्थक म्हणाले, हे आमच्या गावात होणे शक्य नाही. दुसऱ्या बाजूचे गावकरी म्हणाले, का नाही शक्य? आम्ही दिली की मते, लाडक्या बहिणींनी दिली! मग गावातल्या पहिल्या गटाने ठरवले, की ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वखर्चाने मतपत्रिका छापून गावातच पुन्हा मतदान घ्यायचे आणि काय ते बघायचे. मतपत्रिका छापल्या, तयारी झाली. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलिस आले, मतपत्रिका जप्त होतील असे दिसताच मतदान मागे घेतले गेले. तरी जानकरांसह बऱ्याच जणांवर गुन्हे दाखल झाले. पाठोपाठ शरद पवार येऊन गेले, मग उत्तर द्यायला भाजपचे नेते येऊन गेले. ज्या गावाचे नाव शेजारच्या तालुक्यात कोणी ऐकले नव्हते, ते दिल्लीत गाजले.

कायद्याने प्रशासन बरोबर होते. मतदान घेण्याचा अधिकार फक्त निवडणूक आयोगाचा. शिवाय निकालानंतर, सगळ्या गावाच्या नजरेसमोर, एका गटाने भरवलेल्या मतदानाला पुरावा म्हणून काडीची किंमत नसती. पण मला त्यात वेगळीच गोष्ट टोचते. हे लोक नवीन मतपत्रिका छापत होते, तेव्हा त्यांच्याच मतांच्या खऱ्या चिठ्ठ्या, सात सेकंद त्यांच्या डोळ्यांसमोर दिसलेल्या, सीलबंद होऊन सरकारी स्ट्राँगरूममध्ये पडून होत्या. तीन-चार माणसांनी एका दुपारी मोजून संपवल्या असत्या!

त्या उघडायला दार कुठले? निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवार लेखी अर्ज करून अमुक केंद्राच्या चिठ्ठ्या मोजा असे म्हणू शकतो, मान्य करणे न करणे निर्णय अधिकाऱ्याच्या हाती. पण एकूण मोजणीत पुढे असलेला उमेदवार असा अर्ज कशाला करील? निकालानंतर यंत्र तपासणीची ती खिडकी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी, आणि जानकर तर पहिले! ज्यांना ती खिडकी उघडी होती ते सातपुते, ज्यांची गावात मते वाढलेली. राहता राहिली उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि ती जिंकलेल्या उमेदवाराची निवड रद्द करा म्हणून करायची असते. म्हणजे आपलाच माणूस पाडा म्हणायचे. जिंकलेल्याच्या गावाला शंका येईल, हे कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

मोजणी पुन्हा केली तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. हरियाणात पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. (पानिपतावर आपला हिशेब एकदा चुकला होता, तो विषय वेगळा!) तिथल्या सरपंचपदाच्या २०२२ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवली आणि न्यायालयाच्याच आवारात, दोन्ही बाजूंसमोर, चित्रीकरण करून मोजणी केली. निकाल उलटला. हरलेला माणूस ५१ मतांनी जिंकला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, जवळजवळ तीन वर्षांनी, सरपंच झाला. यंत्र बरोबर होते. एका केंद्रावर अधिकाऱ्याने दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल करून लिहिले होते, बस्स. आमच्या धंद्यात याला पोस्टिंगची चूक म्हणतात आणि ती रोज होते.

आता इकडचे थोडे. आपल्यापैकी अनेकांना अजून माहीत नाही, की भारतीय पासपोर्ट असला तरी, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, इथे कायदेशीर राहणाऱ्याला मतदान करता येते. मी दोन वेळा आमच्या भागात पोल क्लार्कचे काम केले आहे. पहाटे साडेसहाला शाळेच्या हॉलमध्ये हजर व्हायचे, सात ते रात्री दहा मतदान. दोरीला बांधलेली पेन्सिल. भारतातून नवीन आलेली मुले ती बघून हसतात. पण १८७२ पासून गुप्त मतदान इथे असेच, कागदावर. २०२३ पासून फोटो ओळखपत्र लागू लागले, तेवढाच काय तो बदल.

इथेही यंत्राचा मोह झाला होता. २००७ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या काही गावांत इंटरनेटवर मतदानाचे आणि स्कॅनरने मोजणीचे प्रयोग झाले. नॉरफोकमधल्या ब्रेकलंडला तर मोजणी सोडून शेवटी हातानेच मोजावे लागले. त्याच दिवशी स्कॉटलंडमध्ये गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिका आणि यांत्रिक मोजणीच्या मेळात सुमारे १,४६,००० मते बाद ठरली. लंडनच्या मेयरची मते २००० सालापासून स्कॅनर मोजत होते, तेही २०२४ मध्ये बंद करून हाताने मोजायला सुरुवात झाली. त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. मेयर निवडायची पद्धत सोपी झाली, दुसऱ्या पसंतीचे मत गेले, म्हणून यंत्राची गरज संपली.

कागद म्हणजे गंगाजल असे मात्र कोणी समजू नये. गॅन्ट्स हिलहून सेंट्रल लाइन पकडली, की सहावे स्टेशन माइल एंड, म्हणजे टॉवर हॅम्लेट्स. तिथली २०१४ ची मेयरची निवडणूक टपाली मतांतले गैरप्रकार, लाच आणि इतर कारणांसाठी न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी एप्रिल २०१५ मध्ये रद्द केली, मेयर लुत्फुर रहमान यांना पाच वर्षे बंदी घातली. (२०२२ मध्ये तेच पुन्हा निवडून आले, हेही सांगायला हवे.) याच मॉरींनी २००५ साली बर्मिंगहॅमच्या दोन वॉर्डांच्या निवडणुका टपाली मतांच्या घोटाळ्यासाठी रद्द केल्या होत्या. सगळे कागदावर झाले होते! पण टॉवर हॅम्लेट्सची याचिका केली कोणी? चार सामान्य मतदारांनी. उमेदवार पहिला होता की तिसरा, हे त्यांना कोणी विचारले नाही.

आणि आपले इल्फर्ड नॉर्थ? जुलै २०२४ मध्ये वेस स्ट्रीटिंग १५,६४७ आणि अपक्ष लिएन मोहमद १५,११९, फरक ५२८ मतांचा. मतदारसंघात गाझावरून एवढे वातावरण तापलेले, घराघरांत मतभेद, तरी मोजणीवर कोणी बोट ठेवल्याचे मी ऐकले नाही. याचे कारण इथली माणसे आपल्यापेक्षा सभ्य आहेत, असे मुळीच नाही! कारण टेबलाची रचना आहे. आधी प्रत्येक पेटीतले कागद मोजून केंद्राच्या हिशेबाशी जुळवतात, मग उमेदवारवार गठ्ठे करतात, आणि टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, प्रत्येक उमेदवाराची माणसे उभी राहून कागद न कागद बघत असतात. शंकास्पद कागद वेगळा काढून सगळ्यांसमोर निवाडा होतो.

भारतात शंभर कोटींच्या आसपास मतदार, तिथे हे शक्य नाही, असे लगेच म्हटले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. १९९९ च्या लोकसभेपर्यंत आपण बहुतेक कागदच मोजत होतो. पण यंत्र काढून टाका, असेही मी म्हणत नाही. वडिलांची झोप मला आठवते. माझे म्हणणे एवढेच आहे, की चिठ्ठी आता छापली जातेच, पैसे खर्च झालेच आहेत. मग पाच केंद्रांशिवाय, ज्या केंद्राच्या ठरावीक मतदारांनी, समजा शेकड्याने, सही करून मागणी केली, तिथल्या चिठ्ठ्या मोजायला हरकत कसली? आज मतदाराने बटण दाबल्यावर चिठ्ठी चुकीची दिसली अशी तक्रार केली आणि ती खोटी ठरली, तर त्याला शिक्षा होऊ शकते. तक्रार करणाऱ्याला धाक आहे, मात्र चिठ्ठी बघायला मागण्याचा हक्क त्याला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत तर महाराष्ट्रात व्हीव्हीपॅट नाहीच. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या मतदानाच्या दिवशी बोटाला लावलेल्या मार्करची शाई पुसली जाते म्हणून ओरड झाली. पंचावन्न वर्षांनी पुन्हा शाईच!

आजोळी माझा एक मामेभाऊ आहे. मारकडवाडी त्याच्या गावापासून फार लांब नाही. त्या डिसेंबरात त्याच्याशी फोनवर बराच वेळ बोललो. तो कोणत्या बाजूचा, हे संपादकांच्या अटीमुळे सांगत नाही. इथली मोजणी कशी चालते ते मी सविस्तर सांगितले.

"म्हणजे अजून हातानंच मोजत्यात?"

"हो, हातानेच."

"किती वेळ लागतो रं?"

"रात्री दहाला पेट्या बंद होतात. बऱ्याच ठिकाणी पहाटेपर्यंत निकाल लागतो."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं मतदान झाल्यावर तीन दिवस पेट्या पडूनच व्हत्या की."